उभा शे

नमस्कार. हे पान मी रोज दुपारी जेवताना वाचतो, लिहायची मात्र ही पहिलीच वेळ. आठवीत शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. आधीच सांगतो, मी या गोष्टी मानणारा माणूस नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं दगडावर नावं कोरतोय, त्यातली निम्मी तरी समाध्यांवरची. मेलेल्यांची भीती धरली असती तर पोट कसं भरलं असतं? मला भीती वाटते ती वेलांटीची. कागदावर चुकलं तर खोडता येतं... दगडावर चुकलं की कोणाच्या तरी बापाचं नाव कायमचं चुकीचं.

मी मूळचा देगलूरकडचा. धुळ्याला एका दगडाच्या कारखान्यात अक्षरं कोरायला आलो आणि इथेच राहिलो. मग कारखान्यात अक्षरं कोरायचं मशीन आलं आणि माझं काम गेलं. त्याच महिन्यात मला कावीळ झाली. गावाकडे तोंड घेऊन जायची लाज वाटत होती, इथे कोणी नव्हतं. तेव्हा कारखान्यात दगड ठरवायला येणाऱ्या नानांनी मला उचलून आपल्या संस्थेच्या खोलीत आणून ठेवलं. दीड महिना त्यांच्या घरून मऊ भात यायचा. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे नानांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्यांना नावं ठेवू नयेत. त्यांच्यामुळे मी जिवंत आहे.

नाना म्हणजे सैन्यातले निवृत्त सुभेदार. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या काही माजी सैनिकांनी मिळून ही संस्था काढली. हे सगळे सॅपर, म्हणजे सुरुंग पेरणारे आणि काढणारे. त्यांचं म्हणणं असं, की लढाईत मेलेल्यांची नावं चौकाचौकात लागतात, पण सीमेवरचा ताण ओसरल्यावर आपणच पेरलेले सुरुंग काढताना जी पोरं गेली, त्यांना कोणी विचारत नाही. धुळे आणि जळगाव मिळून अशी नऊ नावं निघाली. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की हायवेपासून थोडं आत संस्थेला जागा मिळाली होती. तिथे मुरूम दाबून मैदान केलं, नऊ काळे दगड अर्धगोलात उभे केले. प्रत्येकाची उंची माणसाच्या छातीएवढी. नावं मशीनने नाही, हातानेच कोरायची असं नानांनी ठरवलं. मला काम मिळावं म्हणूनच ठरवलं असणार, ते कबूल करत नाहीत.

आता माझी एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आलं. मी शिरोरेषा सगळ्यात शेवटी कोरतो. आमच्या उस्तादांची ही शिकवण. आधी नुसती अक्षरं कोरायची, मग घरच्या माणसांना बोलवायचं. त्यांनी वाचून ‘बरोबर’ म्हटलं की मगच वरची रेघ मारायची. रेघ नाही तोवर एखादा काना, एखादी मात्रा घालायला जागा असते. रेघ मारली की नाव मिटलं, मग त्यात काही घालता येत नाही.

आठ घरची माणसं येऊन गेली. यावलहून एक जण आपल्या भावाचं नाव बघायला आला, त्याने ‘बरोबर’ म्हणायला अर्धा तास लावला. आठ रेघा झाल्या. नववं नाव होतं सॅपर भटू झिपरू पाटील. शिरपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. घरी फक्त आई. सगळे तिला अक्का म्हणतात. नाना तिला जीपने घेऊन आले. मी दगडापुढचं झाडून काढलं, ‘झि’ची वेलांटी पुन्हा एकदा तपासली.

अक्काला वाचता येत नाही. तिने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

“काय लिखं?”

“भटूचं नाव आहे, अक्का,” मी म्हणालो. “बरोबर आहे का सांगा, मग मी वरची रेघ मारतो.”

“मारू नको.”

“का?”

“तो उभा शे.”

मला इथली अहिराणी निम्मी समजते, निम्मी समजल्यासारखं दाखवतो. मी नानांकडे पाहिलं. नाना गाडीकडे निघाले होते.

संस्थेत हिलालभाऊ म्हणून एक आहेत. माजी हवालदार, उजवा पाय गुडघ्याखाली सुरुंगाने नेलेला. मी त्यांना विचारलं, उभा शे म्हणजे काय हो?

“उभा आहे. देगलूरवाल्या, इतकी वर्षं झाली, ‘शे’ पण नाही शिकला?”

“पण मग मेलेल्या माणसाला उभा आहे का म्हणते ती?”

“वीस-बावीस वर्षांपासून म्हणते. पोरगा गेला तेव्हा पेटी उघडू दिली नाही तिला. डोक्यावर परिणाम झाला म्हणतात गावात.” मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, “मी तेव्हा दवाखान्यात होतो, पाय शोधत. मला काय विचारतो.”

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. एप्रिल होता, दुपारचा एक वाजला असेल. जेवून परत आलो तर नवव्या दगडापुढे, माझ्या कोरण्याची जी राखाडी भुकटी पडते तिच्यात, दोन बुटांचे ठसे. शेजारी शेजारी. तोंड दगडाकडे. येणारं पाऊल नाही, जाणारं नाही. आणि पुढचा भाग खोल दबलेला, टाचा मात्र जवळजवळ उमटल्याच नव्हत्या... माणूस चवड्यावर भार देऊन थांबला की जसं होतं तसं.

मला वाटलं हिलालभाऊंची गंमत.

“माझे?” ते म्हणाले. “अरे, सरकारी कागदात माझा एकच पाय शिल्लक आहे. दुसरा जयपूरचा आहे, त्याला चवड्यावर उभं राहता येत नाही. कुठल्या तरी पोलिसभरतीवाल्या पोराचे असतील, पळायला येतात ना.”

मी झाडून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच जागी. तिसऱ्या दिवशी मी जेवायला गेलोच नाही, डबा तिथेच सावलीला बसून खाल्ला. एक क्षण पाणी प्यायला मान वर केली. मान खाली केली तर ठसे.

मी नानांना बोलावलं. नाना आले, आणि एक गोष्ट मी नीट पाहिली — ते सरळ चालत दगडापर्यंत आले नाहीत. पंधरा-वीस फुटांवर थांबले. ठसे तिथूनच पाहिले. कपाळावरचा घाम पुसला नाही.

“झाडून टाक,” म्हणाले. “आणि आज रेघ मार. आजच.”

“नाना, अक्का नको म्हणाल्यात...”

“रविवारी उद्घाटन आहे. आठ नावं पूर्ण आणि एक अर्धवट, असं मी लोकांसमोर उभं करणार नाही. मार रेघ, माधव.”

नानांनी मला आजवर आवाज चढवून काही सांगितलं नव्हतं. तेव्हाही चढवला नाही. पण माझ्याकडे न बघता, ठशांकडे बघत सांगितलं. आता माझी अवस्था बघा. एकीकडे ज्यांचं अन्न खाल्लं ते. दुसरीकडे ती बाई, आणि उस्तादांची शिकवण, की घरच्यांनी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय नाव मिटायचं नाही. मी नानांचं ऐकलं. दुसऱ्या कोणाचं ऐकायची माझी हिंमतच नव्हती.

ठसे झाडले. सुताने रेघ आखली. छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला. कोरताना मी दगडाला चिकटून उभा राहतो, पाय कुठे आहेत ते बघत नाही. दुसरा घाव घालण्याआधी जरा सरकावं म्हणून डावा पाय उचलायला गेलो...

उचलला गेला नाही.

मुंग्या नाहीत, गोळा नाही, दुखत नाही. पाय माझेच होते, पण उचलायचे नाहीत हे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. मी खाली पाहिलं. ठसे झाडलेल्या जागीच उभा होतो, चवड्यावर. टाचा अधांतरी. आणि माझा डावा हात — छिन्नी त्यातून कधी पडली कळलं नाही — खांद्याच्या वर गेलेला, पंजा उघडा. मागून येणाऱ्याला थांब म्हणताना करतात तसा.

हिलालभाऊ हसत हसत येत होते. माझा हात पाहिला आणि जागच्या जागी थांबले. त्यांनी हळू आवाजात म्हटलं, “नाना.”

मला नानांचा आवाज ऐकू आला. “सगळे मागे. आपापल्या पावलात पाऊल ठेवत. पाऊल उचलू नको, माधव. मी येतो.”

मग जे झालं ते अजून डोळ्यासमोर आहे. उन्हात तापलेल्या त्या मुरुमावर, सत्तरीला आलेला माणूस पांढऱ्या शर्टसकट पालथा पडला. सावलीला ठेवलेल्या माझ्या पिशवीतली लांब छिन्नी त्यांनी घेतली होती. ती तिरकी धरून जमिनीत टोचायचे, काढायचे, चार बोटं सरकवून पुन्हा टोचायचे. एक एक वीत पुढे. एवढ्याशा अंतराला अर्धा तास तरी लागला असेल. कोणी हसलं नाही. कोणी म्हटलं नाही की नाना, इथे काय आहे, साधा मुरूम आहे. मी पण म्हटलं नाही. मला माहीत होतं की आहे. कसं माहीत होतं ते विचारू नका.

नानांचा हात माझ्या घोट्याला लागला. रक्ताळलेली बोटं होती.

“आलो रे,” ते म्हणाले. मला नाही म्हणाले. “आलो. आता उचल. मी जिथे हात ठेवतो तिथेच ठेव.”

पाय उचलला गेला.

डॉक्टरांनी नंतर उन्हाचा त्रास, अंगातलं पाणी कमी झालं, असं सांगून सलाईन लावलं. असेलही. शिकलेली माणसं आहेत ती.

संध्याकाळी नाना माझ्या खाटेपाशी बसले आणि त्यांनी सांगितलं. राजस्थानच्या सीमेवर, आदल्या पावसाने वाळू सरकली होती, नकाशातले सुरुंग जागेवर राहिले नव्हते. भटू सगळ्यात पुढे. त्याने हात वर केला. दोन्ही पायांना लागून सुरुंग उघडे पडले होते, टाच टेकायला जागा नव्हती. नानांनी बाकीच्यांना मागे घेतलं. भटूला ओरडून सांगितलं, पाऊल उचलू नको, मी येतो.

“आणि?”

“वरून परवानगी मागत बसलो. ती यायला दुपार झाली, तोवर त्याची टाच टेकली. परवानगी नसती तरी जाता आलं असतं, माधव. मी त्या वाळूकडे बघितलं आणि मला जाववलं नाही.” मग त्यांनी माझ्या सलाईनची नळी सरळ केली. “तो उभा होता हे मी कोणालाच सांगितलं नाही, बाकीच्यांनाही सांगू दिलं नाही. कागदावरही नाही. लेन काढताना, म्हणजे सुरुंगांतून वाट साफ करताना स्फोट, एवढंच लिहिलं. अक्काला कोणी सांगितलं?”

आम्ही शनिवारी सकाळी अक्काच्या गावी गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. नाना पायरीवर, खालीच बसले. नेहमी माझ्याशी शुद्ध बोलणारे नाना तिच्याशी अहिराणीत बोलले.

“अक्का, भटू उभा व्हता. मी येस सांगं. मी गऊ नही.” येतो म्हणालो आणि गेलो नाही, एवढंच.

अक्काचे हात थांबले नाहीत. बऱ्याच शेंगा झाल्यावर ती म्हणाली, “माले ठाऊक शे, तू गया नही.”

तिने नानांना ना शिवी दिली, ना पाणी विचारलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायांबद्दल तिला जीपवाल्याकडून कळलं असावं.

“तुले काय वाटनं?” तिने विचारलं. “तठे उभा व्हता तवय?”

तिथे उभा असताना मला काय वाटलं, यातून ती कोणाचं विचारतेय ते मला कळलं. बावीस वर्षांत तिला हे सांगू शकेल असं कोणी भेटलं नव्हतं. खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं, नाना शेजारी बसले होते म्हणून. नाना म्हणाले, “खरं सांग.”

मी सांगितलं. भीती होती. पण भीतीपेक्षा मोठी एक गोष्ट होती. कोणीतरी येतंय, याची खात्री होती. सगळा वेळ. एकदाही वाटलं नाही की येणार नाही.

नानांनी तोंड फिरवलं. अक्काने पदराने हात पुसले.

“जाय,” ती मला म्हणाली. “रेघ वढी टाक.”

शनिवारी दुपारी मी रेघ पूर्ण केली, छिन्नी नीट चालली. रविवारी उद्घाटन झालं. अक्का आली नाही. नाना आले, पण शेवटपर्यंत मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नाही, भाषणही बाहेरूनच ऐकलं. पुन्हा ठसे दिसले का, असं हिलालभाऊ विचारतात. आता तिथे कोरणं नाही, भुकटी नाही. ठसे येत असले तरी उमटणार कशात?

डॉक्टर म्हणतात ऊन. हिलालभाऊ म्हणतात, अक्काचे शब्द डोक्यात बसले असतील तुझ्या. ठशांचं, हाताचं मी तसं मानूनही घेतलं असतं. पण एक गोष्ट कुठेच बसत नाही. मी घाबरट माणूस आहे. लहानपणापासून. आजारी पडलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून होतो, कारण कोणी येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. नाना आले तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. कोणीतरी आपल्यासाठी येतंय, असं इतकं ठाम, इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही, त्या अर्ध्या तासानंतरही नाही.

ती खात्री माझी नव्हती. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.