न लावलेला लाल ठिपका

गुलाब गेला त्याला आता सहा आठवडे झाले. त्याच्या जाण्याची बातमी मला कुणी कळवली नाही, कारण मी तिथेच होतो. सावनेरच्या अलीकडे, एका रिकाम्या ट्रकच्या फाळक्याला पाठ टेकून मी बसलो होतो. त्याचे पाय माझ्या मांडीवर आणि डोकं त्याच्या बायकोच्या, सुमनच्या मांडीवर. पाय जड झाले ते मला आधी कळलं, तिला नंतर... सौंसरला येऊन वस्तीत सांगायचं कामही मीच केलं. त्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते आज लिहितो आहे.

आम्ही दोघं सौंसरच्या एकाच वस्तीतले, एकाच पाटीवर अक्षरं गिरवलेले. तो दहावीत नापास झाला आणि बसस्टँडमागच्या मोकळ्या जागेत टिनाचं शेड टाकून मोटारसायकली दुरुस्त करू लागला. मी पुढे शिकत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेचं केंद्र छिंदवाड्याला होतं, आणि इतिहासाच्या पेपरच्या दिवशी पहाटेची बस आलीच नाही. मी स्टँडवर रडकुंडीला येऊन उभा होतो. तेवढ्यात गुलाब एका गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली गाडी घेऊन समोर आला. "बस मागं. पेपर सुटला तं जिंदगीभर मलेच तोंड दाखवशील." घाटात दोनदा त्याने गाडी थांबवली, प्लग काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा बसवला. घंटा व्हायला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो. तीन तासांनी मी बाहेर आलो तर हा लिंबाखाली बसलेला. विचारलं काय, तर "किती पानं लिहिली बे?" मी म्हटलं, बावीस. तेवढ्यावर तो खूश. पुढे मी पास झालो तेव्हा वस्तीत सगळ्यांना सांगायचा, "बी.ए. मीच केलं, यानं निसतं लिहिलं." मला मास्तरकी लागली ती पांढुर्ण्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात. तेव्हापासून त्याने माझं नावच सोडलं. मी त्याचा 'मास्तर' झालो.

पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्याकडे त्या नव्या, हलक्या, शंभर सीसीच्या मोटारसायकली दिसू लागल्या. जुन्या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळून टाकावं लागे. या नव्या गाडीला तेलाची वेगळी छोटी टाकी होती, आणि इंजिनाजवळचा एक पंप त्यातलं तेल लागेल तसं आत सोडत असे. बाजूच्या पत्र्यात बोटभर काच होती, तिच्यातून तेल किती उरलं ते दिसायचं. लोकांना ती काच फार आवडली. गुलाबला नाही आवडली. सावरगावच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची गाडी त्याच्याकडे ढकलत आली होती. काचेत तेल काठोकाठ, पण नळीत हवा धरलेली, त्यामुळे आत थेंबही गेला नव्हता. पिस्टन सिलिंडरला घट्ट चिकटून बसला होता. त्या दिवसापासून जो येईल त्याला गुलाब सांगे, पंप काढून टाक. "पंप बंद पडला तं तो का बोंबलते का? हातानं तेल टाकलं तं हाताले मालूम रायते."

त्या कामात त्याचा हात बसला होता. आधी बाजूचं झाकण खोलायचं, पंप अलगद बाहेर ओढायचा, उघड्या पडलेल्या भोकावर स्वतः कापलेली ॲल्युमिनियमची चकती पॅकिंग लावून कसायची. तेलाची नळी दुमडून तिच्या तोंडात एक बोल्ट ठोकायचा. टाकी मात्र तो काढत नसे, तिच्यातलं तेलही राहू देई. म्हणे, रस्त्यात कधी गरज पडली तर बोल्ट काढून ते पेट्रोलमध्ये ओतता येईल. आणि सगळ्यात शेवटी, लाल रंगाच्या डबीत काडी बुडवून त्या काचेवर एक ठिपका द्यायचा. मग गिऱ्हाइकाला वाकायला लावून काचेवर नखाने टक-टक वाजवायचा, "हे पाय. ही काच आता खोटी. भरलेली दिसन, पण याच्यातलं तेल कुठंच जात नाही. लाल दिसलं का पेट्रोलमंदी तेल टाकाचं." सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत असे लाल ठिपक्यांचे कितीतरी लोक झाले होते.

मी गाडी घेतली ती नवी कोरी. आमच्या वस्तीतली पहिली. पहिल्याच रविवारी गुलाबने तिचा पंप काढला आणि काडी रंगात बुडवली. मी त्याचा हात धरला.

"राहू दे ना बे. चांगली नवीन गाडी आहे."

"टिकली लावून राहिलो फक्त. नवरीले नाही लावत का?"

"लोक हासतीन. शिकलेला माणूस आहो मी, इसरीन का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि काडी सदऱ्याच्या टोकाला पुसून टाकली. "बरं बाप्पा. बी.ए. झालेली गाडी आहे." तरी पुढे दर रविवारी मी पेट्रोल भरून त्याच्या शेडवर गेलो, की तोच झाकणाने मोजून तेल टाके आणि हँडल धरून गाडी डावी-उजवी हलवून ते मिसळे. सलग दोन वर्षं. मला स्वतःला एकदाही ते करावं लागलं नाही. माझ्या हाताला काहीच माहीत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगडफेक. त्या दिवशी आमच्या बाजूच्या जीपगाड्या तिकडेच गेलेल्या असतात, आणि जखमींसाठी डॉक्टरही. दुपारी सुमन धावत माझ्या दारात आली. "भाऊजी, चाला लवकर. याहीच्या छातीत दुखून राहिलं, घाम थांबून नाही राहिला." दवाखान्यात फक्त कंपाउंडर होता. त्याने गुलाबचा हात धरून पाहिला आणि म्हणाला, थांबू नका, नागपूरला न्या. स्टँडवर एकही बस नव्हती. माझ्या गाडीची टाकी कोरडी. मी ती पळत, ढकलत पेट्रोल पंपावर नेली. पंपावरच्या माणसाने विचारलं, "तेल?" मी खाली काचेकडे पाहिलं. काठोकाठ भरलेली होती, स्वच्छ, कसलाही डाग नसलेली. मी म्हटलं, "आहे."

मी पुढे, मध्ये गुलाब, मागे त्याला धरून सुमन. बोरगाव मागे पडलं. त्याचं डोकं माझ्या पाठीवर होतं. आणखी काही मैलांवर तो माझ्या खांद्यावर थापा मारू लागला... आधी हळू, मग जोरात. मला वाटलं, तो घाई कर म्हणतो आहे. मी ॲक्सिलेटर आणखी पिळला. इंजिनाचा आवाज बदलला होता हे मला आज आठवतं. तेव्हा मला ऐकू आलं नाही, त्याला आलं होतं. मग आतून एक कोरडी किंकाळी आली आणि मागचं चाक जागच्या जागी गच्च झालं. आम्ही पडलो नाही, कसेबसे थांबलो. मी त्याला रस्त्याच्या कडेला, गाडीला टेकवून बसवलं. किका मारायला गेलो तर किक दगडासारखी. "काय झालं गुलाब? काय झालं असन?" मी त्यालाच विचारत होतो! हात उचलून त्याने त्या काचेवर नखाने दोनदा वाजवलं. टक-टक.

बोल्ट काढायला पाना होता. तेल हातभर अंतरावर होतं. पण चिकटलेल्या पिस्टनला आता ते काय करणार होतं... पाऊण तास आम्ही तिथे बसलो. गोटमारीमुळे रस्ता ओस पडला होता. त्यानंतर तो ट्रक आला. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिल्यावर मी त्यांना विचारलं, तासभर आधी पोचलो असतो तर? ते म्हणाले, "आता ते कशाला विचारता?" या उत्तराचे मी दोन्ही अर्थ लावून पाहिले आहेत. एकाही अर्थाने झोप येत नाही.

वस्तीत सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. मास्तरांनी जिवाचं रान केलं, पण गाडीनं दगा दिला. तेराव्या-चौदाव्या दिवशीही लोक हेच म्हणत होते आणि मी मान हलवत होतो. हा लेख लिहायला घ्यायच्या आधी मी सुमनकडे गेलो. आधी तिला सांगायला हवं होतं. मी पंपावरचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं. ती दारात तांदूळ निवडत होती. सुपावरून मान वर न करता म्हणाली, "मले मालूम आहे, भाऊजी." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "आठ वर्षं त्या शेडात भाकर घेऊन गेली मी. त्याहीनं काच वाजवली ते का मले समजलं नसन?" मग ती उठली आणि आत चहा ठेवायला गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तो चहा प्यालो, कप धुऊन ठेवला आणि निघालो.

गाडी आता त्याच्याच शेडमध्ये उभी आहे. ट्रॅक्टरवर घालून आणली. नागपूरहून माणूस बोलावून दुरुस्त करून घ्या, असं लोक सांगतात. मी हो म्हणतो. शाळेत बसने जातो. दर रविवारी, सवयीने, त्या शेडवर जातो. फळीवर त्याची लाल रंगाची डबी आहे. रंगावर जाड साय धरली आहे आणि तिच्यात काडी तशीच उभी अडकली आहे. गेल्या रविवारी मी ती काडी ओढून पाहिली, ती निघाली नाही. मग वाकून काचेत पाहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याने तसंच राहू दिलेलं तेल त्याच रेघेवर होतं, केसभरही खाली गेलेलं नव्हतं.