दोघींची मिळून एक जाळी

दाजींना दवाखान्यात शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांच्या छातीवर रंगीत तारा चिकटवलेल्या होत्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घोडेगावात त्यांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. जन्मभर तारांशी खेळलेला हा माणूस त्या तारांत गपगार पडलेला, आणि मी नुसता हात बांधून उभा. केडगावला घरी पोचतो न पोचतो तोच अक्काचा फोन आला. दाजी गेले होते. तसाच मागे फिरलो.

दाजी म्हणजे मुलखाचे उद्योगी. नवे जावई असतानाच आमच्या ओसरीवर बसून केबल सोलायला लागलेले. मलाही समोर बसवून घेतलं. "हे बघ आबा, पांढरी तार डाव्या आवाजाची, लाल उजव्या. आन् भवतीनं ही तांब्याची जाळी, ती दोघींची मिळून एकच. लोकं तिला बारदान समजून कापून टाकत्यात."

"मग काय होतं?"

"गानारा जातो! दोन्ही तारांत जे सारखं हाय, ते एकमेकाला खाऊन टाकतं. पेटी, टाळ तेवढं ऱ्हातं मागं."

मला ती थाप वाटली होती. दाजी थापाही झकास मारायचे.

माईक तपासताना ते 'हॅलो' म्हणत नसत. "अहो मंडळी, चहा ठेवा!" असं अख्ख्या आळीला ऐकवायचे. अक्का लाजून चूर व्हायची, रागवायची, आणि चहा मात्र ठेवायचीच. घरचं भजन रेकॉर्ड करताना ते दोन माइकांच्या बरोबर मधोमध बसून गात, आवाज दोन्हींत सारखा जावा म्हणून. पेटी एका अंगाला, टाळकरी दुसऱ्या.

दहावं-तेरावं उरकलं. मंडपाचं सामानही विकलं गेलं. परवा गेलो तर अक्काने त्यांचा रेकॉर्डर पुढे ठेवला. "लाव बरं, आबा. आवाज तरी ऐकू दे त्यांचा." त्याला स्वतःचा स्पीकर नाही, म्हणून दाजींच्याच हातची केबल घरातल्या अँप्लिफायरला जोडली. पेटी वाजली, टाळ वाजले, बाहेर भुंकणारं कुत्रंसुद्धा ऐकू आलं. दाजी नाहीत. खोल विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं काहीतरी, बस्स.

अक्काचा चेहरा उतरला. "आवाजबी गेला का रं त्यांचा?"

पिनेपाशी जाळी तुटली होती. दुखणं कळत होतं, पण सोल्डर मारायला माझा हात बसलेला नाही. गावात केबल दुरुस्त करून द्यायचे ते दाजीच. आता न्यायची कोणाकडे? एवढंसं काम, आणि मला येत नाही... स्वतःचीच चीड आली. शेवटी तुटली जाळी पिनेवर अंगठ्याने घट्ट दाबून धरली आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

"अहो मंडळी, चहा ठेवा!"

अक्का सवयीने उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"बंद करू का?" मी विचारलं.

"न्हाई. ऱ्हाऊ दे." ती पाठमोरीच म्हणाली.

दाजी गात होते. माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या, मनगट भरून आलं. जरा ढिला पडलो की ते नाहीसे होत, दाबलं की परत येत. भजन संपलं, पेटी थांबली, कुणीतरी टाळ खाली ठेवल्याचाही आवाज झाला. तरी मी अंगठा उचलला नाही.