चोराने बदललेला पासवर्ड

मंडळी, आज मी खरंच थकलो.

वर्ध्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सांभाळतो. हल्लेखोर आत शिरल्यावर नेमकं काय करतात ते कळावं, म्हणून मागच्या आठवड्यात एक सापळा लावला. याला हनीपॉट म्हणतात. इंटरनेटवर मुद्दाम उघडा ठेवलेला कॉम्प्युटर, आत कामाचं काहीच नाही. पासवर्ड आमच्या ऑफिसात चालतो तोच ठेवला, १२३४५६.

आज सकाळी एक जण घुसला. वाटलं, आता फाइली चोरेल. पण त्याने सगळ्यात आधी पासवर्ड बदलला. चांगला लांबलचक, अवघड. दुसरा चोर आत येऊ नये म्हणून!

आमचे हेडक्लार्क वानखेडे काका सेलूहून बसने येतात. ते येईपर्यंत मी दारातच उभा होतो. पासवर्ड बदला म्हणून वर्षभर त्यांच्या मागे लागलोय. आज चोराचा सगळा किस्सा सांगितला. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काऊन बदलवाचा गा? चांगला चालून तं राह्यला."

चोराला तो कॉम्प्युटर एका मिनिटात आपला वाटला. आम्हाला आमचा कधी वाटणार, सांगा ना?