येळवशीला किल्ला

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, किल्ला बघायला जाणारा मराठवाड्यात माझ्याशिवाय दुसरा शहाणा नसेल. त्या दिवशी अख्खं लातूर दाराला कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, पाच पांडवांचे दगड पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि वाटेने जाणाऱ्यालाही ओढून जेवायला बसवायचं. शेत विकल्यापासून आम्ही मात्र घरातच बसायचो.

विकायला मीच लावलं होतं. मला लातुरात फ्लॅट हवा होता आणि मास्तरकी सांभाळून शेताकडे बघायची हौस नव्हती. दादांनी, माझ्या वडिलांनी, एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त येळवशीला कुणी कितीही बोलावलं तरी "पोट बरं न्हाई" म्हणायचे. त्यांचं पोट वर्षातून त्या एकाच दिवशी बिघडायचं, आणि ते माझ्यामुळे बिघडतं हे मला कळत होतं.

म्हणून यंदा त्यांना गाडीत घातलं आणि अहमदपूरवरून कंधारला नेलं. किल्ला बघता बघता दिवस निघून जाईल, असं वाटलं. लहानपणी दादा मला इथे बैलबाजाराला घेऊन आले होते. खंदक दिसावा म्हणून त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि त्यांच्या पटक्याला कडब्याचा वास येत होता. आता त्याच खंदकापाशी लोक फोटो काढत होते. दादा तटावर चढले, पण त्यांची नजर पलीकडच्या हरभऱ्यावरच होती.

दुपारी भूक लागली. पर्यटकांचं गाव, हॉटेलं उघडी असणारच, असं मी धरून चाललो होतो. एकही उघडं नव्हतं. पुण्याकडचं एक जोडपं बंद दारासमोर उभं होतं. "आज संप आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"संप न्हाई. सगळे जेवायला गेलेत," दादा म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

गावाबाहेर पडलो तर एक बाई बांधावरून उतरून सरळ गाडीपुढे येऊन उभी राहिली. मला ब्रेक दाबावाच लागला.

"मामा, उतरा. जेवून जावा."

"पोट बरं न्हाई, बाई."

"मग आंबील प्या की. पोटाला लई चांगली असती."

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्यापाशी दुसरं कारण नव्हतं. दार उघडून ते हळूहळू उतरले, चपला बांधावर काढल्या आणि ज्वारीत शिरले.

कोपीत पूजा झाली होती, आंबील शिंपडायची राहिली होती. बाईचा नवरा तांब्या घेऊन निघालाच होता. दादांना बघून तो थांबला. "मामा, तुम्ही मोठे. तुमच्या हातानं होऊ द्या."

दादांनी तांब्या घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"तू शिंपड. मी वरडतो."

आमच्या शेतात हे काम मी कधीच केलं नव्हतं. परीक्षेचं निमित्त सांगून झाडाखाली पुस्तक धरून बसायचो. आता लिंबाच्या डहाळीने आंबील उडवत पुढे चाललो आणि मागून येळवशीची हाळी देणारा दादांचा आवाज आला, "ओलगे, ओलगे!" तो इतका मोठा होता की शेजारच्या शेतातून कुणीतरी साद दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागे वळलो नाही.

कडेला पोचलो आणि परत फिरलो.

"कोपरा सोडू नको," दादा म्हणाले. "कोपऱ्यातल्या पिकाला बी पोट असतंय."

मी माघारी फिरून कोपऱ्यात शिंपडलं. आमच्या शेताचा कोपरा कसा होता, ते आठवून बघितलं. आठवला नाही. मी तो फक्त एकदाच बघितला होता, खरेदीखताला जोडलेल्या नकाशावर.