गोधड्या पांघरलेली जीप

अंगठा जिभेला लावायचा आणि जीपच्या दारावरच्या रेघेवर घासायचा. रेघ गेली तर काका म्हणायचे, "मळ होता." नाही गेली तर पुढच्या रेघेकडे वळायचे. पोलादपूरच्या नाक्यावर रोज सकाळी हा कार्यक्रम चाले. तुमच्याही गावात असा एखादा असेल, स्वतःच्या कातडीपेक्षा गाडीच्या रंगाला जपणारा.

ते आमचे शेजारी. मुंबईत साहेबांच्या गाड्या चालवून परत आले ते ही लाल फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेऊन. लग्नसराईत खोऱ्यातल्या प्रत्येक नवरदेवाला तीच हवी. एरवी ती डोंगरावरच्या वाडीला जायची. वाडीला रस्ता नाही. मंजूर आहे. नारळ फुटलाय, फलक लागलाय, फोटो निघालेत. रस्ता नाही. दगडधोंड्यांची वाट, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, आणि त्यातून चढणारी ही एकच गाडी. मी यावर पत्रकं काढते. मला पाहिलं की काका लांबून ओरडायचे, "काय गो पुढारीण, आज कोणाचा धिक्कार?"

एक दिवस त्यांच्या मुलाने बजावलं, "बाबा, ओरखडलेल्या गाडीत नवरा बसत नाय. वरात की वाडी, एक काय ते ठरवा."

काकांना दोन्ही हवं होतं. म्हणून रंग वाचवायला काय लावतात ते बघायला ते महाडला निघाले. मला छापखान्यात जायचं होतं, मीही जीपमध्ये बसले.

हायवेवरच्या दुकानातल्या पोऱ्याने आधी सिरॅमिक कोटिंग दाखवलं. "काका, आरसा होईल आरसा!"

"करवंदीला आरसा कळतो काय रे?"

काटा कोटिंगने थांबणार नाही, हे पोऱ्याने कबूल केलं. मग पारदर्शक फिल्म काढली. "ही घ्या. बारीक ओरखडा उन्हात आपोआप भरून येतो."

"आन् आमच्याकडं चार महिने ऊनच नाय, तेव्हा?"

शेवटी त्याने काळ्या, खरखरीत कोटिंगचा नमुना पुढे केला. पिकअपच्या हौद्याला मारतात तसलं. काकांनी किल्लीने खरवडून पाहिलं. काही झालं नाही. मग नमुना जीपच्या लाल दाराला लावून पाहिला.

"टिकेल. पण नवरा म्हशीच्या पाठीवर बसवल्यासारखा दिसेल."

काहीच न घेता आम्ही परत आलो.

ऐन पावसात वाडीतून निरोप आला. पहिलटकरणीला खाली आणायचं होतं. काकांनी घरातल्या गोधड्या ओढून काढल्या आणि काथ्याने जीपला बांधायला लागले.

"माझ्या गोधड्या आन् त्या लोखंडाला?" काकू ओरडल्या.

"लोखंड नाय गो, नवरामुलगा हाय तो."

जीप हिवताप भरल्यासारखी दिसत होती. माझा संताप झाला. "रस्ता द्यायचा नाही आणि गाडीला गोधडी! हे मी छापणार."

"छाप. आधी ही गाठ धर."

आम्ही वर गेलो आणि तिला घेऊन उतरलो. ती आईचा हात दातांत धरून मागच्या सीटवर पडली होती. काका सारखे जीपशीच बोलत होते. दवाखाना गाठला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मग दवाखान्याच्या आवारात आम्ही गोधड्या सोडल्या. ओल्या कापडात रेती शिरली होती आणि ती गचक्यागचक्याला दारांवर घासत आली होती. करवंदीने नुसत्या रेघा मारल्या असत्या. गोधड्यांनी दोन्ही बाजूंना पॉलिशपेपर मारला होता. लाल रंग पांढुरका पडला होता. काकांनी अंगठा जिभेला लावला आणि तसाच खाली घेतला.

बाळंतिणीची आई बाहेर आली. "भाऊ, उद्या माझ्या जावेला आणायचं हाय. ताप उतरत नाय तिचा. येशील ना रे?"

काकांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"येतो."

पाऊस उघडल्यावर ते महाडला गेले आणि सबंध गाडीला ते काळं, खरखरीत मारून आले. वरात सुटली. मुलाने बोलणं टाकलं. वाडीतल्या बाया गाडीला म्हैस म्हणायला लागल्या. काका ऐकून म्हणायचे, "गाभण नाय ना, बघा गो."

यंदा पावसाच्या तोंडावर काका गेले. सकाळचा चहा प्यायले आणि गेले. मला तेव्हा रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. वाडीच्या वाटेवरचा फलक तेवढा नवा लावलाय.

मुलाने जीप विकायला काढली. हौसेने डोंगरात गाड्या घालणारे दोघे पुण्याहून आले. एकाने काळ्या दारावरून तळवा फिरवला.

"कोटिंग जबरदस्त निवडलंय! ऑफ-रोडिंग बरंच झालेलं दिसतंय. कुठे कुठे नेली होती?"

"इथंच," मुलगा म्हणाला.

जीप हायवेला लागली. दिसेनाशी झाली तरी तो तिकडेच बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाडीत कोण सांगणार?"

मी चपला पायात सरकवल्या आणि डोंगराच्या वाटेला लागले.