चॅनल बंद असल्याबाबतचा अर्ज

गुरुवारी आई गेली. सकाळी तिने तिघांचा चहा केला होता. संध्याकाळी घरात बाबा आणि मी असे दोघे उरलो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बदलापूरची मावशी आणि बाकीची मंडळी आपापल्या घरी परतली, आणि अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात बोलणं जवळजवळ थांबलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. गप्प बसणं मला जड जात नाही. बाबांना जातं. शहाडच्या कारखान्यात ते तीस वर्षं होते, युनियनच्या कमिटीवर होते, चार माणसांच्या वतीने बोलायचं ही त्यांची सवय. आता ते 'हो', 'नको', 'ठेव तिथे' एवढंच बोलत. जिना उतरणंही त्यांनी सोडलं होतं.

एक गोष्ट तेवढी चालू राहिली. साडेसात वाजले की ते टीव्हीवर आईची मालिका लावत. आई असताना ते या मालिकेची यथेच्छ टिंगल करायचे. "त्या सुनेला अजून कळलं नाही? अख्ख्या अंबरनाथला कळलं," असं वर्तमानपत्राआडून म्हणायचे, आणि आई म्हणायची, "तुम्ही पेपर वाचा." आता ते पेपर उघडा धरून बसत, पान काही उलटत नसत. एकदा मी बातम्या लावल्या. "राहू दे ते," एवढंच म्हणाले. मालिका संपली की त्यांचा चेहरा जरा सैल झालेला असे आणि ते नीट जेवत. दिवसभरात त्या अर्ध्या तासावरच माझी भिस्त होती.

मग एका सोमवारी मालिकेच्या जागी पाटी आली. दरावरून वाद चालू असल्यामुळे ही वाहिनी दिसणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. दोन दिवस बाबा त्या पाटीसमोर अर्धा अर्धा तास बसले. तिसऱ्या दिवशी टीव्ही लावलाच नाही, आणि जेवलेही नाहीत. हेही गेलं तर त्यांच्याकडे काय उरेल, या विचाराने मला भीती वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "कागद घे. केबलवाल्याला अर्ज द्यायचाय. दोन प्रती."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. "महोदय, आपल्या केबलवरील साडेसातच्या मालिकेची वाहिनी सोमवारपासून बंद आहे. महिन्याचे पूर्ण पैसे आम्ही भरलेले आहेत. तरी बंद दिवसांचे पैसे पुढील बिलातून वजा करावेत. वाहिनी बंद असल्यामुळे घरातील महिलांची अत्यंत गैरसोय होत आहे."

मी लिहिलं आणि माझं पेन थांबलं. पाणी असो, रेशन असो, गटार असो, त्यांच्या प्रत्येक अर्जात हे वाक्य असायचं. मी मान वर केली नाही.

"खोड ते," बाबा म्हणाले.

"काय लिहू?"

"माझी गैरसोय होत आहे, असं लिही." मग कागदाकडे बघून, "खाडाखोड नको. नवीन कागद घे."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कितीतरी आठवड्यांनी जिना उतरले. स्टेशनजवळच्या गल्लीत केबलचं ऑफिस आहे. मालक उल्हासनगरचा सिंधी.

"काका, ये ऊपरवालों का झगडा है. कंपनी आणि चॅनलवाले भांडतात, माझ्या हातात काय?"

"भांडण तुमचं आणि पैसे माझे?"

"अरे साईं, एवढ्या पैशात कटिंगपण नाही येत."

"कटिंग प्यायला आलेलो नाही. अर्ज घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही द्या."

मालक अर्ज मोठ्याने वाचू लागला. शेवटच्या ओळीवर थांबला. "माझी गैरसोय? काका, सीरियल आप देखते हो?"

पैसे भरायला आलेली एक बाई हसली. मी दाराबाहेर बघू लागलो.

"बघतो," बाबा म्हणाले. "माझी मिसेस बघायची. ती गेली. आता मी बघतो."

बाईने हातातले पैसे काउंटरवर ठेवले. मग तीच बाई म्हणाली, "काका, माझा शनिवारचा भाग राहिला हो. सुनेला ते पत्र मिळालं का?"

"मिळालं. पण उघडायला नको? कपाटात ठेवून देवळात गेली."

"अगं बाई! आणि सासू?"

"सासू घरातच."

बाबांनी तिला सगळा भाग सांगितला, सासूच्या आवाजासकट. पैसे भरायला मागून आलेले दोघेही ऐकत उभे राहिले.

"काका, चॅनल चालू होईपर्यंत तुम्हीच इथे बसा," मालक म्हणाला. "पब्लिक खूश राहील."

"पगार किती देणार?"

आई गेल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. मालकाने हसत सही केली, तारीख घातली.

"शिक्का?" बाबांनी विचारलं.

"शिक्का नाही आपल्याकडे."

"बनवून घ्या."

पुढच्या आठवड्यात वाहिनी सुरू झाली. महिनाअखेरीला बिलातून बंद दिवसांचे पैसे वजा होऊन आले. बाबांनी बिल दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं.

आता घरात आम्ही दोघे आहोत. मालिका संपली की बाबा तिच्याबद्दल बोलतात, मी ऐकतो, आणि मग आम्ही जेवायला बसतो.