भट्टीवरचा घरचा माणूस

"किती टक्के भाजलंय?" हा प्रश्न त्या वर्षी मी इतक्यांदा ऐकला की कुणी दारात चपला काढायला लागलं तरी माझं डोकं उठायचं. मागोमाग ठरलेलं वाक्य यायचंच. "बारा टक्के? मग काय न्हाई. आमच्या पाव्हण्यांत एक जण साठ टक्के भाजला हुता, त्यो बी उठून बसला." जणू माझ्या नवऱ्याचा बाजारात भाव कमी निघाला होता. बारा टक्के म्हणजे उजवा हात, छातीचा तुकडा आणि मानेची एक बाजू. डॉक्टरांच्या मापात अख्खा हात म्हणजे अंगाचा लहानसा भाग. पण ज्याचं पोटच हातावर आहे त्याच्या मापात काय उरतं, हे कुणी विचारायचं नाही. मी चहाचा कप ट्रेमध्ये आदळायची आणि आत निघून जायची. सासूबाई म्हणायच्या, "पाव्हण्यांम्होरं जरा तरी दम धर." माझं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी. तिकडं पाणी कमी, आणि आमच्या घरात दमही कमीच.

विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एखादा तरी माणूस गलाईला गेलेला असतो. सोनारांचं जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून द्यायचा हा धंदा. दुकानं लांबलांबच्या शहरांत, आणि पोरं जातात ती नात्यातून. अर्ज नाही, नेमणूक नाही. चुलता नेतो, मामा नेतो. माझ्या नवऱ्याला त्याच्या थोरल्या चुलतभावानं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, दक्षिणेतल्या एका शहरात नेलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पगार असा कधी ठरला नाही. जेवण दिरांच्या घरी, झोप दुकानाच्या माळ्यावर, दिवाळीला आणि यात्रेला गावाकडं पैसे. आमच्या लग्नात दीर पुढं होऊन उभे राहिले, घराला पत्रे त्यांनी घातले, ते मी नाकारत नाही. दुकानाच्या पाटीवर कुणाचंच नाव नव्हतं, नुसतं आडनाव होतं. ते आडनाव आमचंही. त्यामुळे गावात नवरा छाती काढून सांगायचा, आपलं दुकान. मी एकदा विचारलं, "आपलं म्हंजे नक्की कुणाचं?" तर चार दिवस अबोला धरला.

झालं ते असं. भट्टीवर मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, चांदी उकळत होती. त्यात त्यानं जुने पोकळ तोडे टाकले आणि तोड्यांच्या आत ओल राहिली होती. तापल्या धातूत पाण्याचा थेंब गेला की धातू उसळतो. उजव्या हातात सांडशी, अंगात बनियन, हातमोजे नाहीत. दिरांचा फोन आला, "जरासं भाजलंय, काळजी करू नका." त्या 'जरासं'वर माझा काडीचा विश्वास बसला नाही. मिळेल ती गाडी पकडून मी गेले.

पोचले तर हाताचं पांढरं गाठोडं झालेलं. आणि दवाखान्यात नोंद झालेली की घरी स्वयंपाक करताना गॅस भडकला. तिथली भाषा दिरांना येत होती. त्यांनी तसं सांगितलं आणि नवऱ्यानं मान हलवली. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"आवं, तुमी जल्मात कवा स्वयंपाक केलाय? चहा तरी येतो का करायला?"

"हळू बोल. दुकानाचं नाव घेतलं आसतं तर पोलीस आलं आसतं. आत लोकांचं सोनं हाय. कुलूप पडलं तर दादांनी काय करायचं? बाकीची पोरं कुठं जातील?"

तो जळालेल्या हातानं दुकान सांभाळत होता. वाईट याचं की दिरांनी त्याला काही पढवलंही नव्हतं. गलाईच्या कुठल्याही दुकानात कुठल्याही पोरानं हेच सांगितलं असतं. आधी भावकी, मग दुकान, मग कातडं, हा क्रम आमच्याकडं कुणाला शिकवावा लागत नाही.

गावी आल्यावर खरे हाल सुरू झाले. मांडीची कातडी काढून हातावर लावली होती. ती जसजशी धरायला लागली तसतशी खाज सुटली. दुखणं तो सोसायचा, ड्रेसिंगच्या वेळी टॉवेल दातांत धरून गप्प पडायचा. पण खाजेनं त्याला बसू दिलं नाही. पहाटेपासून अंगणात येरझारा. त्याच्यामागं तेलाची वाटी घेऊन मी. आम्ही दोघंही त्या दिवसांत कधी एका जागी पाठ टेकून बसलो असू, असं मला आठवत नाही. हळूहळू बोटं तळव्याकडं ओढली गेली आणि मूठ उघडेना. सांगलीच्या डॉक्टरांनी हात उलटापालटा करून बघितला. "हे गॅसचं भाजणं नाही," ते म्हणाले. "तापलेला धातू उडालाय. खोल गेलंय. अजून एक ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर हात असाच राहील." नवरा छताकडं बघत होता. मी म्हटलं, "लिहून द्या साहेब तसं." त्यांनी दिलं.

पहिल्या दवाखान्याचा खर्च दिरांनी केला होता. दुसऱ्या ऑपरेशनचं नाव काढल्यावर त्यांचे फोन आखूड व्हायला लागले. दिवाळीनंतर बघू, यात्रा झाली की बघू. मग मी नवऱ्याला जवळजवळ ओढतच सांगलीला एका वकीलबाईंकडं नेलं. त्यांनी टक्के विचारलेच नाहीत. म्हणाल्या, "किती भाजलं हे डॉक्टरांचं माप झालं. कोर्टाला सांगायचं की या हातानं आता कुठलं काम होणार नाही." मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नीट प्रश्न विचारला होता.

"एकच अडचण," त्या म्हणाल्या. "हे तिथं कामगार होते, हे सिद्ध केलं तरच मालकाकडून भरपाई मिळेल."

"मी कामगार न्हाई, मॅडम," नवरा म्हणाला. "मी भाऊ हाय त्येंचा."

"मग केस नाही," बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

विट्यापर्यंत एसटीत मी एकटीच बोलत होते. पुढचे लोक माना वळवून बघत होते, मला फिकीर नव्हती. घरी सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "भावकीला कोर्टात वडणार व्हय गं? लोक थुकतील तोंडावर." मी म्हटलं, "थुकू द्या. त्येनं हात उघडत आसंल तर रोज थुकू द्या." नवरा मात्र काही केल्या हलेना.

हलला तो एका लग्नाच्या पंगतीत. वाढपी भात घेऊन आला आणि याचा डावा हात पुढं. उजवा मांडीवर, मुडपलेला. वाढणारा क्षणभर थबकला, शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं ताट हळूच थोडं पलीकडं सरकवलं. नवऱ्यानं ताटाला नमस्कार केला आणि तो उपाशी उठला. मांडवाबाहेर मला शोधत आला आणि म्हणाला, "चल, कवा जायाचं सांगलीला?"

मग तारखा सुरू झाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात लोक भिंतीला टेकून बसतात, मी फेऱ्या मारायची. शिपाई एकदा म्हणाला, "बाई, बसा की जरा, फरशी झिजंल." दिरांचं म्हणणं एकच होतं. तो नोकर नव्हताच. घरचा माणूस, हौसेनं दुकानात हातभार लावायचा.

ज्या दिवशी दिरांची साक्ष होती त्या दिवशी ते पांढऱ्या स्वच्छ शर्टात आले. थकलेले दिसत होते. नवऱ्यानं सवयीनं उठून वाकायला घेतलं, मी शर्ट धरून खाली बसवलं. साक्षीत दीर म्हणाले, "सख्ख्या भावापेक्षा जवळचा हाय त्यो मला. त्येला नोकर कसा म्हणू?" आवाज भरून आला होता आणि मला वाटतं तो खराच भरून आला होता. मी नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा असा उजळलेला मी बघितला नव्हता. ऐकलंस ना, अशा नजरेनं तो माझ्याकडं बघत होता. माझा संताप संताप झाला. हा माणूस आपल्याच हरण्यावर खूश होता.

मी पुढं वाकले आणि वकीलबाईंच्या कानात म्हटलं, "त्येंना वाटा इचारा."

बाई उठल्या. "सख्ख्यापेक्षा जवळचे भाऊ आहेत म्हणता. मग दुकानात यांचा वाटा किती?"

समोरचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीश साहेबांनी त्यांना बसवलं आणि दिरांना म्हणाले, उत्तर द्या. दिरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. एकदा नवऱ्याकडं बघितलं.

"वाटा न्हाई."

"नफ्यात?"

"न्हाई."

"मग रोज भट्टीवर कशासाठी उभे राहायचे?"

दिरांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग दीर म्हणाले, "कामाला हुता."

पुढं निकालात त्या उत्तराचा आधार घेतला गेला. भरपाई मिळाली, ऑपरेशन झालं, आणि आज तो घास उजव्या हातानं घेतो, वाकड्या बोटांनी का होईना. पण हे नंतरचं. त्या दिवशी बाहेर आल्यावर बाई फक्त म्हणाल्या, "झालं आपलं काम." मला पेढे घ्यायचे होते, माहेरी फोन करायचा होता, स्टँडवर पोचायचं होतं. फाटकापर्यंत गेल्यावर कळलं की मागं कुणी नाही.

तो कोर्टाच्या पायरीवर बसला होता आणि रडत होता. भट्टीवर नाही, ड्रेसिंगच्या टेबलावर नाही, पंगतीतून उठताना नाही, इथं. जाणारे-येणारे त्याला वळसा घालून जात होते.

"आवं, जिंकलो की आपण," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. डाव्या बाहीनं नाक पुसलं. "मला ठावं हुतं गं. वाटा न्हाई ह्ये पयल्यापास्नं ठावं हुतं. पर कुणी त्वांडानं बोललं नव्हतं."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. तो प्रश्न मी सुचवला होता आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सुचवेन. जिंकल्याचा आनंद मला झाला होता, तो मी लपवत नाही. पण त्या पायरीवर तो मला एकटीलाच झाला होता.